पट्टेदार लोहखडक : ऑक्सिजन आला कुठून?

लाल-काळ्या पट्ट्यांचा लोहखडक दिसला की आपण लगेच म्हणतो, "ऑक्सिजन!" पीएचडीच्या मुलाखतीत मीही तेच म्हणाले होते.

हे उत्तर रुजवलं प्रेस्टन क्लाउड या अमेरिकी भूवैज्ञानिकाने, १९६८ आणि १९७३ च्या लेखांतून. आदिम समुद्रात फेरस लोह विरघळलेलं होतं. सायनोबॅक्टेरियांनी सोडलेल्या ऑक्सिजनने त्याचा गंज झाला, तो तळाशी बसला. ऑक्सिजन त्या जीवांनाही विषारीच. लोह तो परस्पर शोषून घेत होतं! कल्पना इतकी देखणी, की खडक हा ऑक्सिजनचा पुरावा ठरला आणि ऑक्सिजन हे खडकाचं कारण. म्हणजे गोल गोल फिरणं.

पण ग्रीनलंडमधल्या इसुआचा लोहखडक सुमारे ३७० कोटी वर्षांचा आहे. हवेत ऑक्सिजन साठू लागला तो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी. समुद्रात आधीपासून थोडा असेल, असं म्हणता येतं. पण १९९३ मध्ये फ्रिडरिश विडेल आणि सहकाऱ्यांनी असे जिवाणू दाखवले, जे उजेडात, ऑक्सिजनशिवायच फेरस लोहाचं ऑक्सिडीकरण करतात. म्हणजे लोहाने इलेक्ट्रॉन गमावले, एवढंच खडक सांगतो. ते कुणी घेतले?

मुलाखतीत मला पुढचा प्रश्न हाच आला होता.