ठराव ठरतो कधी?

मराठीतला ‘ठराव’ हा शब्द जरा फसवा आहे. ‘ठरणं’ या क्रियापदाला ‘आव’ हा प्रत्यय लागून तो घडला, तेव्हा अर्थ सरळ हवा : जे ठरलं ते. पण आपण तर ठराव ‘मांडतो’, ‘फेटाळतो’, ‘बारगळला’ असंही म्हणतो. जे अजून ठरायचं आहे, किंवा कधीच ठरलं नाही, तेही ठरावच. हिंदीत याचा सख्खा भाऊ ‘ठहराव’. त्याचा अर्थ मात्र थांबणं, मुक्काम करणं. संमत होऊन दप्तरात पडून राहिलेले ठराव पाहिले, की हिंदीनंच शब्दाची नाडी बरोबर ओळखली असं वाटतं.

जुन्या महसुली आणि व्यवहाराच्या कागदांत ‘ठराव’ म्हणजे करार, बोली, बांधून दिलेला दर. दोन पक्ष समोरासमोर बसले, घासाघीस झाली आणि आकडा ठरला, तर तो ठराव. त्याच्यापासून ‘ठरावीक’ आला, आणि पुढे ‘ठरावीक’ची रया गेली : नेमलेलं, बांधलेलं यावरून तो ‘ऐकून ऐकून कंटाळा आलेलं’ इथपर्यंत घसरला. ठरावीक भाषण, ठरावीक आश्वासन. सभा आणि कायदेमंडळं आल्यावर ठरावाचा दुसरा पक्षच नाहीसा झाला. आता ठराव करणारे एकीकडे आणि तो पाळायचा असतो ते भलतीकडेच.

‘आव’ प्रत्ययाचं घराणं मोठं आहे. पडाव, उठाव, बचाव, सराव. (‘लिलाव’ याच पंगतीत बसलेला दिसतो, पण तो पोर्तुगीजांकडून आलेला पाहुणा आहे.) कामगारांच्या इतिहासात या घराण्यातला आणखी एक जण गाजला : ‘घेराव’. 1967 साली पश्चिम बंगालमध्ये संयुक्त आघाडीचं सरकार असताना त्यानं कारखान्यांत असा जोर धरला, की इंग्रजी शब्दकोशांनी त्याला जसाच्या तसा दाखल करून घेतला. ठरावाच्या नशिबी हा मान आला नाही. सभागृहात ठराव आणि मॅनेजरच्या केबिनबाहेर घेराव. प्रत्यय एकच, परिणामात मात्र बरंच अंतर.

तरीही मराठीत एक ठराव असा आहे, की तो माणसाच्या नावानं ओळखला जातो : बोले ठराव. सीताराम केशव बोले हे मुंबईतले भंडारी समाजाचे पुढारी. 1909 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कामगार हितवर्धक सभेत त्यांचा पुढाकार होता, कोकणातल्या खोतीविरुद्धही ते लढले. मुंबई कायदेमंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी त्यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ‘द्यावेत’ हे रूप लक्षात ठेवण्याजोगं आहे. कायदेमंडळाचा ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. ‘शिफारस’ हा फारसी शब्द आपल्याकडे वशिल्याच्या शेजारी राहतो, त्यामुळे त्याच्या अंगी अधिकाराचा आवाज कधी आलाच नाही.

सरकारनं पुढच्याच महिन्यात आदेश काढला. महाडच्या नगरपालिकेनं 1924 मध्ये स्वतःचा ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर दोन ठराव झाले आणि तळ्याकाठी काहीच बदललं नाही. बोले गप्प बसले नाहीत. 1926 मध्ये त्यांनी पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे मानणार नाही त्याचं अनुदान रोखावं. शेवटी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागे महाडच्या परिषदेला जमलेले लोक तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेच्या ठरावाची ती पहिली अंमलबजावणी. आणि त्याच वर्षी, 4 ऑगस्टला, महाड नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात ठरला 1937 मध्ये. ‘ठराव’ आणि ‘ठरलं’ यांच्यामध्ये चौदा वर्षं.

दिल्लीत किंवा विधिमंडळात आज ‘ठराव’पेक्षा ‘प्रस्ताव’ जास्त चालतो. अविश्वासाचा प्रस्ताव, शोकप्रस्ताव, अभिनंदनाचा प्रस्ताव. हा शब्द संस्कृत, आणि त्याच्या पोटात ‘स्तु’ धातू आहे, म्हणजे स्तुती करणं. सामगायनाचे पाच भाग मानतात. त्यातला सुरुवातीचा प्रस्ताव, तो प्रस्तोत्यानं म्हणायचा. मग उद्गीथ, प्रतिहार, उपद्रव आणि शेवटी निधन. गंमत करतोय असं वाटेल, पण क्रम खरोखरच असा आहे. निधन तर तिन्ही गायकांनी मिळून म्हणायचं असतं. एखाद्या अशासकीय प्रस्तावाची सभागृहातली कुंडली इतक्या नेमकेपणानं कोणत्याच पत्रकारानं मांडलेली नाही. अभिनंदनाचा प्रस्ताव मात्र या मूळ अर्थाशी इमानी राहिला. गावच्या संघानं ढाल जिंकली, एखाद्या वस्तीनं शाळा उभी केली, की आमदार उठून प्रस्ताव मांडतो, तेव्हा तो शब्दशः स्तुतीच करत असतो. अशा प्रस्तावांना कुणी हसतं. मला ते हसू पटत नाही. स्तुतीसाठी वेळ न ठेवणाऱ्या सभागृहात तक्रारीलाही फारसं वजन राहत नाही.

प्रस्ताव मांडणारा तो ‘सूचक’. सभेच्या इतिवृत्तात या शब्दाला प्रतिष्ठा आहे. अमरकोशात मात्र तो चहाडखोराच्या ओळीत, दुर्जनांच्या शेजारी बसलेला सापडतो. गिरणीत चौदा-चौदा तास राबवून घेतात, हे सभागृहाला सांगणारा सभासद मालकांच्या लेखी सूचकच, पण अमरसिंहाच्या अर्थानं.

सूचकानंतर येतो ‘अनुमोदक’, आणि माझं मन खरं अडतं ते इथे. ‘मुद्’ म्हणजे आनंदणं. मोद, आमोद, प्रमोद आणि मोदकसुद्धा त्याच कुळातले. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याच्या पाठोपाठ आनंदणं. बौद्ध परंपरेत दुसऱ्याच्या पुण्याचा आनंद मानणं हेच पुण्य आहे. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांतून कुणी गेल्यावर ‘पुण्यानुमोदन’ कार्यक्रम होतो तो याच अर्थानं. जैन लोक पर्युषणात कुणी दीर्घ उपास केला की त्याच्या तपाची ‘अनुमोदना’ करतात. पण जैन विचारानं या शब्दाला दुसरी, कडक बाजूही दिली : स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला अनुमोदन देणं, या तिन्हींचा हिशेब त्याच कर्त्याच्या खात्यावर. हिंसेला मान डोलावणारा हिंसेतून सुटत नाही. हा अर्थ ध्यानात घेतला तर सभेत हात वर करून ‘माझं अनुमोदन आहे’ म्हणणं ही सोपी गोष्ट राहत नाही. तरी हा शब्द आपण फक्त इतिवृत्तापुरता ठेवला. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि चहा.

अनुमोदनाचा कडक अर्थ पाळलेलाही दिसतो. 1928 च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणात रजा आणि भत्ता देणाऱ्या विधेयकावर चर्चा झाली. विधेयक आणलेलं दुसऱ्या सभासदानं. त्याला पाठबळ देणारं आंबेडकरांचं भाषण आज मूळ मांडणीपेक्षा अधिक वाचलं जातं. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. 1929 मध्ये कायदा झाला.

अशा विधेयकांचा विषय असलेला ‘कामगार’ आधी कोण होता, हे सांगितलं तर आजचा वाचक चमकेल. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा. त्यात ब्राह्मण कामगार, गोरे कामगार वारंवार भेटतात, आणि ते गिरणीत नव्हे, कचेरीत बसलेले सरकारी अंमलदार आहेत! मराठी ‘काम’ला फारसी ‘गार’ जोडून झालेला हा शब्द खुर्चीवरून उतरून यंत्रापाशी आला. ‘मजूर’चा प्रवास उलटा आहे. फारसीतल्या ‘मुज्द’चा अर्थ मोबदला, बक्षीस. मजूर म्हणजे ज्याला मोबदला देणं लागतं असा माणूस. घामाचा उल्लेख शब्दात नाहीच, देण्याचा आहे. आणि ‘हक्क’? अरबीत तो सत्य. पेशवाईच्या कागदांत ‘हक्कलाजिमा’ म्हणजे पाटील-देशमुखांचा वतनी मान आणि मिळकत, बापाकडून मुलाकडे जाणारी. वतन नसलेल्या माणसालाही हक्क असतो, ही भाषा या शब्दाला शिकवावी लागली, आणि ती शिकवणाऱ्यांत फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे पुढे होते. 1884 मध्ये त्यांनी सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे दिला : आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवारची सुटी 1890 मध्ये मिळाली. ‘सही’ही अरबी ‘सहीह’वरून आलेली, म्हणजे ‘हे खरं आहे’.

फक्त सहीवर चालणारी प्रस्तावाची एक जात ब्रिटिश पार्लमेंटात आहे. तिला ‘अर्ली डे मोशन’ म्हणतात. खासदारानं अडीचशे शब्दांच्या आत मजकूर लिहायचा, लवकरच एखाद्या दिवशी यावर चर्चा व्हावी असं म्हणायचं, आणि बाकीच्यांनी सह्या करायच्या. कारखाना बंद पडल्यानं रस्त्यावर आलेले कामगार, गावातली शंभर वर्षांची वाद्यवृंद मंडळी, स्थानिक फुटबॉल संघ, सगळे एकाच कप्प्यात. तो ‘लवकरचा दिवस’ बहुधा उगवतच नाही. एकदा उगवला होता. तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांचा अविश्वासाचा प्रस्ताव याच वाटेनं आला आणि 28 मार्च 1979 रोजी पंतप्रधान कॅलहॅन यांचं सरकार 311 विरुद्ध 310, एका मतानं पडलं. पण बाकी वेळी सही करणाऱ्यानं नेमकं काय केलं? त्यानं काही ठरवलं नाही, त्यामुळे ठराव नव्हे. तो कुणासोबत तरी आनंदला किंवा संतापला, आणि ते लिहून ठेवलं. मराठीत याला अनुमोदनच म्हणावं लागेल.

आपल्या बातम्यांत मात्र सगळीकडे ‘पाठिंबा’ असतो. त्यात ‘पाठ’ आहे, तशी ती पाठीराखा आणि पाठबळ यांतही आहे. पाठ देण्याची जागा आणि दाखवण्याचीही. म्हणून पाठिंबा बाहेरून देता येतो, अटींवर देता येतो, सकाळी जाहीर करून संध्याकाळी काढूनही घेता येतो. अनुमोदन बाहेरून दिल्याचं, किंवा काढून घेतल्याचं, मी अजून कुठल्या बातमीत वाचलेलं नाही.