'वन' आणि 'बाहेर' : एका क्रियापदाचा अर्थविचार

इंग्रजीतील 'डिसअफॉरेस्ट' हे विरळ क्रियापद 'डीफॉरेस्ट'चाच पर्याय असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः दोहोंत मूलभूत भेद आहे. 'डीफॉरेस्ट' म्हणजे झाडे तोडून भूमी उजाड करणे. 'डिसअफॉरेस्ट' म्हणजे भूमीला वनकायद्याच्या अंमलातून मुक्त करणे. या दुसऱ्या क्रियेत एकही झाड पडण्याचे कारण नाही. क्रियापदाचा उगम मध्ययुगीन लॅटिनमध्ये आहे. त्याच्या गाभ्यातील 'फोरेस्ता' हा शब्द सामान्यतः 'फोरिस' म्हणजे 'बाहेर' याच्याशी जोडला जातो; काही अभ्यासक तो 'फोरुम' म्हणजे न्यायसभा याच्याशी जोडतात. दोन्ही व्युत्पत्तींत वृक्ष नाही, अधिकाराची सीमा आहे. इंग्लंडमध्ये १२१७च्या वनसनदेने मुक्त करावयाची ठरविली ती राजांनी या सीमेत ओढलेली इतरांची भूमी.

१९८२पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा भेद केवळ कोशगत राहत नाही. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात 'वन' या शब्दाची व्याख्या नाही; शासनाची वनभूमी किंवा पडीक भूमी अधिसूचनेने 'राखीव' करण्याची रीत मात्र आहे. म्हणजे येथेही वन घडते ते शब्दाने. शासकीय मराठीने या बंधनातून भूमी वगळण्यास 'निर्वनीकरण' म्हटले. परंतु मराठी 'वन' वृक्षवाचक असल्याने ऐकणाऱ्यापुढे जंगलतोडच उभी राहते आणि सत्तेची क्रिया भाषांतरात लोपते.

या परिसराच्या व्यवहारात मात्र दुसरा एक शब्द आहे : 'निस्तार'. संस्कृतात त्याचा अर्थ तरून जाणे. येथे तो सरपण, चराई, बांबू यांवरील गावाच्या परंपरागत वहिवाटीचा वाचक झाला. 'फोरेस्ता' सीमेच्या बाजूने बोलतो, 'निस्तार' जगणाऱ्याच्या बाजूने.

२००६च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आले. लक्षणीय हे की, या जंगलाचे निर्वनीकरण झाले नाही. कायद्याच्या दृष्टीने ते वनच राहिले. गाव तेवढे 'बाहेर' उरले नाही. लॅटिन क्रियापदाला दोनच गती ठाऊक होत्या : भूमी सीमेत घेणे आणि सीमेतून सोडणे. सीमा तशीच ठेवून तिच्या आतील अधिकारी बदलणे, या तिसऱ्या क्रियेला अद्याप क्रियापद नाही. ते घडवावयाचे झाल्यास त्याचा धातू 'वन'मध्ये नव्हे, 'निस्तार'मध्ये शोधावा लागेल.