नाडगीर वाडा, कुंदगोळ

कर्नाटकाच्या धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळ गावातला नाडगीर घराण्याचा राहता वाडा. किराणा गायकीचे दक्षिणेतील एक मूळ पीठ. गाव हुबळीच्या आग्नेयेस सुमारे २० किमी., हुबळी-बंगळूर लोहमार्गावर. १९४८ पर्यंत ते जमखंडीच्या पटवर्धन संस्थानात होते, १९५६ मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. बोली कन्नड असली तरी पटवर्धनांचा अंमल आणि मराठी नाटकांची ओढ यांमुळे मराठी इथल्या कानांना परकी नव्हती. गावाला सभागृह असावे तसा हा वाडा गावाच्या उपयोगी पडला.

वाड्याचे धनी रंगनगौडा नाडगीर गाण्याचे खरे दर्दी. त्यांच्या पदरी कारकुनी करणाऱ्या गणेशराव सौंशींचा मुलगा रामभाऊ (१८८६–१९५२) हाच पुढे सवाई गंधर्व झाला. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) नाडगीरांकडे येत. रामभाऊंना हा गुरू लाभला तो या घरोब्यामुळेच. मराठी रंगभूमीवर रामभाऊ स्त्रीभूमिकांत गाजले, ‘सौभद्रा’तल्या सुभद्रेसाठी विशेष. ‘सवाई गंधर्व’ ही पदवी त्यांना अमरावतीत दादासाहेब खापर्डे यांनी दिली.

रंगभूमी सोडून रामभाऊ कुंदगोळला परतले आणि गाव विद्यार्थ्यांचे झाले. गदगचे भीमसेन जोशी १९३६ च्या सुमारास आले, गुरुगृही पडेल ते काम करत राहिले. तोडी, मुलतानी, पूरिया या मोजक्या रागांतच त्यांची तालीम मुरली. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने शिकायला येत. परतीच्या वेळी भीमसेन त्यांना स्टेशनापर्यंत पोचवायला जात आणि त्या दिवशी काय मिळाले ते वाटेत विचारून घेत. फिरोज दस्तूर, बसवराज राजगुरू हेही याच गुरूचे शिष्य.

किराणा घराण्याचा इतिहास लिहिताना मिरज आणि पुणे यांचा मान मोठा धरला जातो. तो रास्तच आहे. पण मिरजेत खाँसाहेबांचे वास्तव्य होते, पुण्यात सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव वाढला. शिष्यांची मोठी पिढी मात्र कुंदगोळात घडली. एका जमीनदाराने गाणाऱ्यांना घर मोकळे केले, त्यांना मान दिला आणि गावालाही ऐकायला बसवले, ही गोष्ट कोणत्याही सरकारी अनुदानाइतकीच मोलाची मानली पाहिजे.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी सवाई गंधर्वांचे पुण्यात निधन झाले. पुण्याचा महोत्सव पुढल्या वर्षी सुरू झाला. कुंदगोळातही नाडगीर वाड्यात त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त रात्रभर मैफल रंगू लागली. भीमसेन आणि गंगूबाई अनेक वर्षे इथे गुरुसेवा म्हणून गायले. मोठ्या नाट्यगृहात गाणारा कलावंत इथे श्रोत्यांपासून हातभर अंतरावर बसतो. ध्वनिक्षेपकामागे लपायला जागा नसते. कुंदगोळची मैफल कलावंताची कसोटी ठरते ती त्यामुळेच.

गुरुगृही राहून शिकण्याची ही रीत पुढे चालावी म्हणून कर्नाटक सरकारने हुबळीजवळ उणकल येथे डॉ. गंगूबाई हनगल गुरुकुल उभारले आहे.