हेडच्या पॅकिंगची कुळकथा

‘हेडचं पॅकिंग गेलंय’ असं मेकॅनिकने सांगितलं की जुन्या गाडीच्या मालकाच्या पोटात गोळा येतो. हेड उतरवायचं, फेसिंगला पाठवायचं, नवे बोल्ट, नवं कूलंट, आणि आठवडाभर गाडी उभी. पुस्तकात या वस्तूचं नाव हेड गॅस्केट. आपले जुने मिस्तरी मात्र पॅकिंगच म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त नेमका वाटतो. या वस्तूचं सगळं कूळ त्या एका शब्दात शिल्लक आहे.

हे कूळ वाफेच्या इंजिनापर्यंत मागे जातं. त्या काळी सिलिंडर नितळ गोल कापणं जमत नसे. १७१२ सालच्या न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्यावर चामड्याची चकती बसवत आणि वर पाण्याचा थर ठेवत, म्हणजे फटीतून हवा शिरायची नाही. पुढे जेम्स वॉटच्या इंजिनांत दट्ट्याभोवती चरबीत भिजवलेला वाख ठासून भरू लागले. हे भरणं म्हणजेच पॅकिंग. गॅस्केट हा शब्द तर मुळात समुद्रावरचा. गुंडाळलेलं शीड आडव्या वाशाला बांधून ठेवायच्या दोरीला इंग्लंडचे खलाशी गॅस्केट म्हणत. दोरीचं नाव दट्ट्याभोवती भरायच्या वाखाच्या वेणीला मिळालं आणि वेणी गेल्यावरही टिकलं. आपल्याकडे वाफेची इंजिनं आली ती गिरण्यांतून आणि रेल्वेतून. गॅरेजातला ‘पॅकिंग’ हा शब्द त्याच वाटेने आला असावा असं मला वाटतं.

मोटारीच्या इंजिनात प्रश्न अवघड झाला. खाली ब्लॉक, वर हेड, आणि मध्ये एक पातळ पत्रा. त्या एका पत्र्याने सिलिंडरमधला जाळ, बाजूने फिरणारं पाणी आणि दाबाखालचं ऑइल या तिघांना वेगळं ठेवायचं. सुरुवातीच्या अनेक कारखानदारांनी हा सांधाच टाळला आणि हेड व सिलिंडर एकाच ओतकामात ओतले. १९१९ मध्ये पुढे आलेल्या बेंटलेच्या तीन लिटर इंजिनाचं हेड सुटं होतच नसे. पॅकिंग नाही, म्हणून उडायची भीतीही नाही. पण व्हॉल्व घासायचा तर अख्खा ब्लॉक उचलावा लागे. फोर्डने मात्र त्याआधीच, १९०८ च्या मॉडेल टी मध्ये हेड सुटं केलं होतं. बोल्ट खोलून गावच्या लोहारालाही आत बघता येईल अशी गाडी त्याला हवी होती. मोटार सामान्य माणसाच्या दारात आली त्यात या सुट्या हेडचा वाटा मोठा आहे, आणि आपल्या डोकेदुखीचा जन्मही तिथलाच. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये ॲसबेस्टॉस दाबलेलं पॅकिंग मग कित्येक दशकं चाललं.

मग आला टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं, पण रोजच्या गाडीत तो रुळायला सत्तर वर्षं लागली. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त, आणि हेडला वर ढकलणारा दाबही जास्त. अमेरिकेत शर्यतींसाठी ऑफेनहाउझर नावाचं इंजिन होतं. त्याचं हेड आणि सिलिंडर जुन्या पद्धतीने अखंडच ओतलेले. १९६८ ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत बॉबी अन्सरने टर्बो लावलेल्या याच इंजिनावर जिंकली. इतका दाब त्या इंजिनाने सोसला, कारण त्या जागी सांधाच नव्हता.

रस्त्यावरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. स्वीडनच्या साबने १९६८ च्या ‘९९’ साठी ब्रिटनच्या ट्रायम्फकडून तिरकं बसवलेलं चार सिलिंडरचं इंजिन घेतलं. त्याच घराण्यातलं आठ सिलिंडरचं भावंड ट्रायम्फच्या १९७० च्या स्टॅग गाडीत बसलं आणि तापण्यासाठी, पॅकिंग उडण्यासाठी बदनाम झालं. त्याचा पाण्याचा पंप वरच्या अंगाला होता. पाणी थोडं कमी झालं की पंप कोरडा पडायचा. शिवाय ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड १०० अंशांनी तापलं, तर ते खालच्या बिडापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त वाढू पाहतं. ही ओढाताण दर वेळी मधलं पॅकिंग सोसतं.

साबने पुढे आपलं चार सिलिंडरचं इंजिन स्वतःच्या हातात घेतलं, सुधारलं आणि १९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ‘९९ टर्बो’ मांडली. दोन लिटरमधून १४५ अश्वशक्ती. जास्तीचा दाब ठरावीक हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप, आणि मुळातलं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी केलेलं. खरी भीती ‘नॉकिंग’ची होती. ठिणगीची ज्वाळा पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं, आणि पॅकिंगच्या कडीवर हातोडा बसतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने ब्लॉकवर सेन्सर बसवून तो आवाज ऐकायला आणि लगेच टर्बोचा दाब उतरवायला सुरुवात केली. पॅकिंगच्या इतिहासातली ही मला सर्वांत शहाणी सुधारणा वाटते, कारण पॅकिंगला हात न लावता तिने पॅकिंग वाचवलं. ॲसबेस्टॉस जाऊन ग्रॅफाइट आलं, आणि नव्वदच्या दशकापासून स्टीलचे अनेक थर एकावर एक आले.

आता एक जवळून पाहिलेली गोष्ट. माझ्या मित्राची जुनी टर्बो पेट्रोल गाडी खंबाटकी घाटात तापायची. शहरात ठीक, चढाला टर्बोने जोर धरला की काटा वर आणि कूलंटची बाटली उतू जायची. एका गॅरेजने पॅकिंग बदलून दिलं. दोन महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या मिस्तरींनी गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगितली. सकाळी गार इंजिनावरच त्यांनी रेडिएटरचा वरचा होज दाबून पाहिला. तो दगडासारखा कडक होता. गार पाण्याला दाब कुठून येणार? सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय, एवढं तिथेच कळलं. मग रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून इंजिन चालू केलं आणि वर येणारी हवा निळ्या द्रावणातून ओढली. धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग आधी हिरवट, मग पिवळा झाला. कॉम्प्रेशन तपासलं तर दुसरा आणि तिसरा सिलिंडर सारखेच पडलेले. शेजारचे दोन एकदम पडले की गळती त्यांच्या मधल्या अरुंद पट्टीत असते.

हेड उतरलं तेव्हा पॅकिंगची नेमकी ती पट्टी काळी पडून खाल्ली गेली होती. पण मिस्तरी तिथे थांबले नाहीत. त्यांनी रेडिएटर खोलला. खालच्या अर्ध्या नळ्या क्षारांनी बंद होत्या. गाडीत वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलेलं. पहिल्या गॅरेजने बळी बदलला होता, गुन्हेगार गाडीतच राहिला होता.

म्हणून गाडी तापली तर आधी थर्मोस्टॅट, फॅन, रेडिएटरचं झाकण आणि पाण्याचा पंप तपासून घ्या. ऑइलच्या झाकणाखालचा थोडासा दुधाळ थर किंवा पहाटेचा पांढरा धूर नुसत्या दमटपणानेही येतो. तेवढ्यावर हेड उतरवू देऊ नका. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आणि पॅकिंग बदललंच, तर जुनं मागून घ्या, उजेडात धरा आणि ते कुठे जळलंय ते मिस्तरींबरोबर उभं राहून बघा.