वेताळाला बरगड्या असतात का?

इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत स्मरणचित्राला विषय आला होता, रेल्वे स्टेशन. मी शिरूरचा, आमच्या गावाला रेल्वे नाही. पण मावशी दौंडला, त्यामुळे जंक्शन पाठ होतं. पूल, हमाल, चहावाला, सगळं काढलं. फक्त एक गोची झाली. हमालापासून चहावाल्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांची छाती वेताळासारखी! निकालाचं विचारू नका.

दोष माझ्या एकट्याचा नाही (असं मी अजून म्हणतो). शाळेत फुलं, घडे आणि भूमिती. मॉडेल बसवून माणूस काढायचा तर मुंबईचं जेजे गाठायला हवं. आमचं जेजे म्हणजे रद्दीच्या दुकानातली जुनी इंद्रजाल कॉमिक्स. टाइम्स ऑफ इंडियाने ती १९६४ मध्ये सुरू केली, १९९० मध्ये बंद झाली, मराठीतही निघायची. ली फॉकचा वेताळ १९३६ चा. त्याचा तो अंगाला चिकटलेला पोशाख म्हणजे काय, तर रंग दिलेलं उघडं शरीरच! दंड कुठे संपतो, मांडी कुठे वळते, सगळं दिसतं. शिवाय तो उड्या मारतो, ठोसे लगावतो. बसवलेलं मॉडेल थोडंच ते करणार?

मग अमर चित्र कथा आली. राम वाईरकरांचा कृष्ण, प्रताप मुळीकांचे धिप्पाड योद्धे. पुढे मुळीकांनीच राज कॉमिक्सच्या नागराजला सुरुवातीचं रूप दिलं. मी सगळ्यांचे स्नायू गिरवले.

नोकरी लागल्यावर बर्न होगार्थचं 'डायनॅमिक अॅनाटॉमी' (१९५८) घेतलं. हा माणूस १९३७ पासून वर्तमानपत्रासाठी टारझन काढत होता. म्हणजे टारझनवालाच शरीररचनेचा मास्तर! स्टॅन ली आणि जॉन ब्युसेमा यांच्या १९७८ च्या पुस्तकात तर हिशोबच दिलाय: साधा माणूस साधारण साडेसहा डोकी उंच, सुपरहिरो पावणेनऊ. थोडक्यात, दौंडच्या हमालाला मी सव्वादोन डोकी उंची फुकट वाटली होती.

तेव्हा ट्यूब पेटली. या लोकांना खरं शरीर माहीत होतं, मग त्यांनी ते ठरवून फुगवलं. मी नुसती फुगवटी उचलली. आमच्या भाषेत सांगायचं तर एक्झिक्युटेबल कॉपी केली, सोर्स कोड पाहिलाच नाही. आणि तो तर दौंडच्या फलाटावर रोज समोरून जात होता!

असो. मागच्या रविवारी वही घेऊन शिरूरच्या बाजार समितीत बसलो. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाची छाती दिसतच नाही. दिसते ती पुढे आलेली मान, वाकलेला गुडघा, तट्ट झालेली पोटरी. वेताळाने जन्मात पोतं उचललेलं नाही, मग हे तो कुठून शिकवणार?

पोतं टाकून तो हमाल सावलीला टेकला. बरगड्या मोजता येत होत्या. मोजून काढल्या.