पंचगंगेचे पाणी

दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लागते, आई डोक्यावर ऊन पाणी ओतते, आणि तिच्या तोंडी कुठलासा श्लोक असतो. तो वेदातला की पुराणातला, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या मनातही येत नाही. पण एके काळी याच दिवसांत, एका नदीच्या घाटावर, हाच प्रश्न उभा राहिला आणि त्याने एका राजाची झोप उडवली.

गेल्या वर्षी वर्गात राजर्षी शाहूंचा धडा शिकवीत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "गुरुजी, ते तर राजे होते. राजाला शूद्र कोण म्हणेल?" मी त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले, पण घरी आल्यावर मनाला ते पटेना. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ साली ते करवीरच्या गादीवर दत्तक गेले आणि १८९४ साली राज्यकारभार त्यांच्या हाती आला. गादी शिवछत्रपतींच्या वंशाची. असा हा पंचविशीतला तरुण राजा १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला जात असे. एके दिवशी बरोबर राजारामशास्त्री भागवत होते. शास्त्रीबुवा स्वतः ब्राह्मण आणि गाढे पंडित. भटजी जे मंत्र म्हणत होते ते वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे त्यांनी महाराजांच्या ध्यानात आणून दिले. महाराजांनी विचारले, तेव्हा भटजींनी स्पष्ट सांगितले की शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही. भटजींनी स्वतः अंघोळही केलेली नव्हती, असे सांगतात. शूद्राला पुराणोक्त मंत्र सांगायला अंघोळीची काय गरज?

मुला, राजाला शूद्र म्हणणारा माणूस हा असा होता. तो राजाच्याच अन्नावर जगणारा होता. त्याला कसले शस्त्र लागले नाही. त्याने फक्त मंत्र बदलला.

पुढे प्रकरण चिघळले. १९०१ साली महाराजांनी वाड्यातील विधी वेदोक्त पद्धतीने करण्याचा हुकूम काढला. राजोपाध्यांनी तो मानला नाही, तेव्हा १९०२ साली त्यांची इनामे जप्त झाली. लोकमान्य टिळकांसारखा पुढारीही 'केसरी'तून महाराजांच्या विरोधात उभा राहिला. तक्रारी थेट इंग्रज सरकारपर्यंत गेल्या.

इथे इतिहास वाचणाराने क्षणभर थांबावे. अपमान झालेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. शिडीची वरची पायरी नाकारली म्हणून तीच पायरी मिळवण्यासाठी झगडावे, ही एक वाट. ही शिडीच खोटी आहे असे म्हणावे, ही दुसरी. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधकांनी दुसरी धरली होती. त्यांना भटजीच नको होता. महाराज मात्र दोन्ही वाटांनी चालले. आपण क्षत्रिय आहोत हा हक्क त्यांनी कधी सोडला नाही. १९२० साली त्यांनी मराठ्यांसाठी क्षात्रजगद्गुरूचे पीठही निर्माण केले. म्हणजे वरच्या पायरीचा मोह अगदी सुटला होता असे म्हणता येणार नाही. थोर माणसांचे चरित्र सांगताना ही गोष्ट झाकून ठेवू नये.

परंतु महाराजांचे मोठेपण असे की स्वतःची जखम कुरवाळता कुरवाळता त्यांची नजर खाली गेली. ज्याने आपल्याला नाकारले त्याच्याकडे सगळेच पाहतात. आपण कोणाला नाकारतो आहोत, इकडे थोडेच पाहतात. २६ जुलै १९०२ रोजी, स्वतः विलायतेत असताना, त्यांचा हुकूम निघाला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. १९१९ साली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने येथे शिवाशिव पाळू नये असे हुकूम सुटले.

आणि मग गंगाराम कांबळ्यांची गोष्ट. हे महाराजांच्या पागेत नोकर होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मार बसला. मारणारे कोणी भटजी नव्हते. राजाच्या जातीचेच होते. महाराजांनी मारणारांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी तिथे थांबवून चहा मागवू लागले. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींना नाही कसे म्हणता येणार! जो मार घाटावर एका शब्दाने बसला होता, तोच मार हौदावर काठीने बसला, हे महाराजांनी ओळखले होते.

अशा या राजाची भेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी झाली. बाबासाहेब तेव्हा अमेरिकेत शिकून आलेले आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांची भेट घेण्यासाठी महाराज स्वतः परळच्या चाळीत गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते, वय अवघे २८. पंचेचाळीस वर्षांचे छत्रपती तिथे जातीने हजर राहिले आणि त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे. आपल्या जन्मघराण्याच्या मुलखात उभे राहून राजाने असे म्हणावे की यांचा पुढारी मी नव्हे, यांच्यातलाच हा तरुण आहे! उपकार करणारे पुष्कळ असतात. उपकार करून बाजूला सरणारा विरळा. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी भूषवले.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब उरलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. तिथून पैशाची अडचण त्यांनी महाराजांना मोकळेपणाने पत्रातून कळवली. घरच्या वडील माणसाला लिहावे तशी ती गोष्ट होती. पण पुन्हा भेट व्हायची नव्हती. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय ४७. बाबासाहेब परत आले ते १९२३ साली.

बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि फुले. त्यांत शाहू महाराजांचे नाव नाही, आणि मला त्यात काही उणे वाटत नाही. गुरू विचार देतो. विद्येच्या बाबतीत महाराजांनी त्यांना काय द्यावे? त्यांनी दिला तो आधार. नवख्या पोहणाऱ्याच्या पोटाखाली हात धरावा आणि तो तरंगतो असे दिसताच हात काढून घ्यावा, तसा.

माणगावच्या परिषदेनंतर सात वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते पाहायला महाराज नव्हते. पण पंचगंगेचा घाट, पागेतला हौद आणि चवदार तळे या तीन पाण्यांची गोष्ट मला एकच वाटते. पहिल्या पाण्यात एका राजाला आपली जात कळली. दुसऱ्यात आपल्या जातीने दुसऱ्याला काय केले ते कळले. तिसऱ्या पाण्यापर्यंत पोचायला त्याचे आयुष्य पुरले नाही; पण ज्याला पोचायचे होते त्याच्या पाठीवर त्याचा हात होता.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी आता इतकेच सांगेन : बाळ, राजालाही शूद्र म्हणणारे निघाले, हा धड्याचा अर्धाच भाग. तो शब्द ऐकल्यावर राजाने कोणाचा हात धरला, हा उरलेला अर्धा. उद्या पहाटे डोक्यावर ऊन पाणी पडेल, तेव्हा तो अर्धा आठव.