तारापूरचे नवे धातू

भाता, ऐरण आणि हातोडा यांच्या सोबतीने ज्या ज्ञातीच्या पिढ्या वाढल्या, तिच्या स्मरणिकेत धातूंविषयी चार शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही, असे आम्हांस वाटते. लोखंड, तांबे, कासे, सोने यांचे गुणदोष आमच्या वाडवडिलांच्या हातांना ठाऊक होते. पालघर-बोईसरच्या टापूत मात्र असे दोन धातू येऊन बसले, की ज्यांची नावेही त्यांच्या कानी कधी पडली नसतील. ते म्हणजे युरेनियम व झिर्कोनियम.

तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी रीतसर वीज पुरवू लागल्या. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये सहज भंगणारा अंश शेकडा ०.७ इतकाच असतो. या अमेरिकन बांधणीच्या भट्ट्यांस तो वाढविलेले इंधन लागते. १९६३ च्या करारान्वये ते पुरविण्याचे अमेरिकेने पत्करले होते. पुढे १९७४ मध्ये पोखरणचा अणुस्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला, आणि पुरवठा आटला. १९८२ साली फ्रान्सची वाट मोकळी झाली; त्यानंतर चीन व रशिया यांच्याकडूनही इंधन आले. परक्याच्या कोळशावर भाता चालविणाऱ्या लोहाराची तारांबळ आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको.

झिर्कोनियमची कथा याहून रंजक आहे. इंधनाच्या लहान लहान गोळ्या ज्या नळ्यांत भरतात, त्या नळ्यांना कढत पाण्यात वर्षानुवर्षे टिकावे लागते; शिवाय त्यांनी भट्टीतील न्यूट्रॉन गिळून टाकता कामा नयेत. ही दुसरी अट झिर्कोनियम उत्तम पाळते. त्याचे खनिज, झिर्कॉन, केरळ, तामिळनाडू व ओडिशा येथील किनाऱ्यांच्या वाळूत मिळते. परंतु त्याच्या संगतीला हाफ्नियम नावाचे भावंड असते. रासायनिक वागणुकीत दोघे इतके सारखे, की १९२३ पर्यंत हाफ्नियम निराळे म्हणून कोणी ओळखलेच नव्हते! आणि हे भावंड तर न्यूट्रॉनांचे मोठे खादाड. म्हणून हैदराबादच्या अणुइंधन संकुलात झिर्कोनियम आम्लात विरघळवून, द्रावकांच्या साहाय्याने, त्यातून हाफ्नियम वेगळे काढावे लागते. सोन्यातील हिणकस काढणाऱ्या आमच्या सोनार बंधूंस हे काम परके वाटू नये. गंमत अशी, की टाकून दिलेले हाफ्नियमही वाया जात नाही. परदेशी पाणबुड्यांच्या अणुभट्ट्यांत त्याच्या खादाडपणाचा उपयोग करून भट्टीला आवर घालतात.

तिसरी व चौथी भट्टी प्रत्येकी ५४० मेगावॅटची. चौथी २००५ मध्ये व तिसरी २००६ मध्ये वीज देऊ लागली. यांस नैसर्गिक युरेनियम व जड पाणी पुरते, संपन्न इंधनासाठी परदेशाकडे पाहावे लागत नाही. याच विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. हे स्वावलंबन कोणाच्या उंबरठ्यावरून गेले, हेही येथे नोंदले पाहिजे. औद्योगिक वसाहतीतील पोलादाचे व रसायनांचे कारखाने निराळेच. त्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. एका ज्ञातिसंस्थेने केलेले हे कार्य इतर संस्थांनी पाहण्याजोगे आहे.

एवढ्या मोठ्या यंत्रांच्या शेजारी चिंचणी-वाढवणच्या बाजूस एक लहान धंदा अद्याप घराघरांत चालतो. तो म्हणजे दागिन्यांच्या डाया घडविण्याचा. मऊ केलेल्या पोलादाच्या ठोकळ्यावर वेलबुट्टी कोरतात. मग तो लाल तापवून पाणी देतात, म्हणजे तो कठीण होतो. पाणी दिलेले पोलाद ठिसूळ राहते, म्हणून पुन्हा हलकेच तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो. तापलेल्या पृष्ठावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग चढत जातो, आणि नेमक्या रंगावर ठोकळा भट्टीबाहेर काढावयाचा असतो.